नवऱ्याचा दात

बाईंच्या वडिलांचे सगळे दात पन्नाशीच्या आत पडले, आणि त्याचं घरात कुणालाच काही वाटलं नाही. मालधक्क्यावर पोती वाहणारा माणूस. आधी पाठ गेली, मग गुडघे गेले, त्यांच्यामागोमाग दातही गेले. दुखला की उपटायचा, हाच वस्तीतला उपाय. "दात होते तेव्हा खायला नव्हतं, आता खायला आहे तर दात नाहीत," असं म्हणत म्हातारा हिरड्या दाखवून हसायचा आणि भात कालवून, मऊ करून खायचा. कवळी नावाची गोष्ट असते हे त्याला ठाऊक होतं. पण ती आपल्यासारख्यांनी घालायची असते, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

घरात दोन मुली. थोरली पंधराव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला गेली. धाकटी अभ्यासात बरी, म्हणून तिला शिकवायचं ठरलं. म्हणजे थोरलीच्या पगारावर शिकवायचं ठरलं. धाकटीने दात बनवायचा दोन वर्षांचा कोर्स केला. असाही कोर्स असतो हे ऐकून वस्तीत आठवडाभर हशा पिकला. "म्हणजे आता तू दात कोरून पोट भरणार!" शेजारीण म्हणाली. दात कोरून कुणाचं पोट भरत नाही म्हणतात, पण धाकटीने एकतीस वर्षं ते भरून दाखवलं. त्याच या बाई.

लॅब एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. आठ टेबलं, आठ वाकलेल्या माना, सगळीकडे प्लास्टरची भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास आणि कोपऱ्यात हातभर उंचीची भट्टी. शहरातले दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि लॅबमधून दात तयार होऊन परत जायचे. रोग्याला वाटायचं, दात डॉक्टरने केला. डॉक्टरही त्याला तसं वाटू द्यायचे.

लॅबचे मालक, ज्यांना सगळे जुने साहेब म्हणत, ते स्वतः दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद करून त्यांनी लॅब काढली, कारण त्यांच्या मते दात फार सुंदर गोष्ट होती, त्याच्यामागचा माणूस मात्र फार बडबडतो. त्यांनी सहा वर्षं बाईंना दाढा घासायला लावल्या आणि मग एके दिवशी पुढचा दात हातात दिला. "पांढरा दात कुणीही करेल, बाई. खरा दात पांढरा नसतो. हा बघा, मुळाशी पिवळसर, कडेला जरा निळसर, मधे केसाएवढी चीर. माणसाने इतकी वर्षं चहा प्यायला आहे, त्या दाताला ते माहीत असायला हवं."

बाईंचा हात तिथे बसला तो बसलाच. पोर्सिलेनची भुकटी पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवायचा, भाजायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. पुढचे दात आले की डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, 'बाईंकडेच द्यावे.' ते वाचलं की बाई त्या दिवशी डबा जरा जास्त चवीने खात.

लग्न झालं ते सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढणाऱ्या माणसाशी. इमारतीत त्यांना सगळे नकाशेवाले म्हणायचे. रस्ता कुठे वळतो, नाला कुठून जातो, हे ते बसल्या जागी कागदावर काढून दाखवत. भाजी आणायला पाठवलं तर मात्र चुकीच्या गल्लीत शिरत. दोघांच्या पगारावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गच्चीवजा बाल्कनी असं घर झालं. लेक झाली. लेकीला चांगल्या शाळेत घातलं, गुरुवारी पोहायला पाठवलं. वर्षातून आठ दिवस तिघं समुद्रावर जाऊन येत. ऐश म्हणावी असं त्यात काही नव्हतं, पण महिनाअखेर आली म्हणून कुणाच्या पोटात गोळा येत नसे.

बाईंनी वडिलांसाठी कवळी केली. जीव ओतून केली. म्हातारा पाहुणे आले की ती घालून बसायचा आणि जेवायला बसताना काढून ठेवायचा. "एवढी चांगली वस्तू, उगाच झिजेल," म्हणायचा. थोरल्या बहिणीला, जिला बाई ताई म्हणत, दरवर्षी दोन नवे कपडे जात. ताई घडी न मोडता हात फिरवून बघायची आणि म्हणायची, "मोठी माणसं बाई तुम्ही." त्यात थट्टा किती आणि खरं किती, ते बाईंना कधी कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

उतरण कधी सुरू झाली, ते नेमकं सांगता यायचं नाही. एका दिवसात काहीच झालं नाही. सर्वेक्षण कचेरीने नकाशे काढायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि नकाशेवाल्यांना त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीशी, निम्म्या पगारावर कंत्राटी म्हणून बसवलं. तीन वर्षांनी खुर्चीही गेली. जुने साहेब थकले, त्यांच्या मुलाने लॅब एका मोठ्या कंपनीला विकली. कंपनीचे चाळीस दवाखाने होते. लॅब शहराबाहेर काचेच्या इमारतीत गेली. तिथे खिडक्या होत्या, पण उघडत नसत, आणि उजेड सकाळ-संध्याकाळ एकसारखा. एक यंत्र आलं, कपाटाएवढं. संगणकावर दाताचं चित्र काढायचं, यंत्र ठोकळ्यातून दात कोरून बाहेर टाकणार, चौदा मिनिटांत. आठ माणसांची तीन झाली. मेणाचं काम करणारा, ज्याचा हात बाईंच्याही वर होता, तो सामान पोचवणारी गाडी चालवायला लागला.

बाईंना ठेवलं, कारण यंत्राला पुढचे दात नीट जमत नव्हते. पण पगार बंद झाला; नगावर पैसे. जितके दात तितके पैसे, दात नाही त्या दिवशी काहीच नाही.

घरात एकेक गोष्ट कमी होत गेली. वर्तमानपत्र बंद झालं, त्याचं काही वाटलं नाही. समुद्रावर जाणं एका वर्षी राहून गेलं, दुसऱ्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. बाहेरची खोली एका औषध विक्रेत्याला भाड्याने दिली. तो भला होता, पण न्हाणीघरात तासभर गायचा. लेक कॉलेजात शिकवायला लागली होती, तीही दहा-दहा महिन्यांच्या करारावर. उरलेले दोन महिने तिने हवा खाऊन राहावं असा कॉलेजचा अंदाज असावा. चोवीस वर्षांची मुलगी आई-बाबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपायची.

त्यातच बाईंची बाजूची एक दाढ ठणकायला लागली. आतून किडली होती. औषधोपचार करून वर टोपी बसवली असती तर आणखी वीस वर्षं टिकली असती. बाई जुन्या वस्तीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, कारण तिथे स्वस्त होतं.

"काढून टाका," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "तुम्ही स्वतः दात बनवता, आणि काढून टाका म्हणता?"

"बनवते म्हणूनच भाव माहीत आहे."

तेव्हापासून बाई हसताना ओठ मिटून हसायला लागल्या. लोकांना वाटलं, वयाने गंभीर झाल्या.

बाईंना लॅबमध्ये एकतिसावं वर्ष लागलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कंपनीचा मॅनेजर त्यांच्या टेबलाशी आला. तिशीचा तरुण, सभ्य, कायम झोप न झाल्यासारखा चेहरा. "मॅडम, तुमच्यासाठी गाडी आली आहे," तो म्हणाला.

बाईंना वाटलं, नवऱ्याला काही झालं. त्यांनी ब्रश खाली ठेवून पिशवी उचलली.

"नाही नाही, तसं काही नाही. एक पेशंट आहेत. फार मोठं घर आहे. जिन्यावरून पडल्या, पुढचे सहा दात नवे करायचे आहेत. यंत्राचे तीनदा केले, तीनदा परत आले. त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. तुम्ही घरी जाऊन बघून या. प्लीज."

घर कसलं, त्याला आतून संपायचं ठाऊक नव्हतं. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटी एका खोलीत घराच्या मालकीण बसल्या होत्या. बाईंच्याच वयाच्या, तोंडापुढे रुमाल धरून. बाईंना त्यांची अचानक दया आली. मोडक्या तोंडाचं माणूस गरीब असो की श्रीमंत, हात तसाच धरतं.

"दिवे बंद करायला सांगाल का? आणि पडदे उघडा. ओठांचा रंगही पुसावा लागेल."

मालकिणींनी निमूटपणे सगळं केलं. बाईंनी दुखावलेलं तोंड हळूच उघडून पाहिलं, खालच्या दातांशी रंगांच्या पट्ट्या लावून बघितल्या. यंत्राने केलेले दात डबीत होते. सहाही सारखे, स्वच्छ, जसे साबणाचे तुकडे.

"यात वाईट काय आहे, ते मला सांगता येत नाही," मालकीण म्हणाल्या. "पण आरशात बघितलं की दुसरंच कुणीतरी दिसतं. माझ्या नातीने मला विचारलं, तू अशी का बघतेस?" मग त्यांनी उठून एक जुना फोटो आणला. विशीतली मुलगी, वाऱ्याने केस उडालेले, तोंड भरून हसणारी. पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. "लग्नाआधीचा आहे. असे होते. लोक म्हणायचे सरळ करून घे. मी नाही केले."

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "तोच हवा आहे मला."

चहा आला. मालकीण मोकळेपणी बोलत होत्या, माणूस म्हणून खरंच चांगल्या होत्या. बोलता बोलता हसून म्हणाल्या, "आमचे हे चिडवतात मला. म्हणतात, एवढ्या पैशात दारात एक छोटी गाडी आली असती, ती निदान चालली तरी असती!"

बाईंनी कप खाली ठेवला. सहा दातांचे आपल्याला किती मिळणार, ते त्यांना पाठ होतं. त्यात गाडीचं एक चाकही आलं नसतं. गेली दोन वर्षं कंपनी सांगत होती की धंद्यात काही उरत नाही, सगळ्यांनी थोडं सोसायला हवं. आणि बाईंना ते खरं वाटलं होतं! राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं दमल्यासारखं झालं, सात मजले चढून आल्यासारखं.

"तुमचे दात कोणी केले?" मालकिणींनी सहज विचारलं.

"माझे माझेच आहेत," बाई ओठ मिटून हसल्या. "आहेत ते."

ते सहा दात करायला नऊ दिवस लागले. तो चढलेला दात त्यांनी चारदा भाजला. कडेला धुक्यासारखा निळा, मुळाशी जुन्या कागदासारखा पिवळा. फोटो टेबलावर टेकवून ठेवला होता. नऊ दिवस त्यांना बाकी कशाचं भान नव्हतं; पाठ दुखत होती, डोळे जळत होते, आणि तरी घरी जाताना बसमध्ये त्या गुणगुणत असत. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. करायला मिळालंच नव्हतं.

याच दिवसांत नकाशेवाल्यांचा पुढचा दात तुटला. तो मुळात बाईंनीच केलेला, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. चोवीस वर्षं चालला आणि पावाच्या कडेला दगा दिला. आता पुढे नुसता खुंट. आणि सोमवारी त्यांना एका फर्निचरच्या दुकानात मुलाखतीला बोलावलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी, अकरा महिने घरी बसल्यावर आलेलं पहिलं बोलावणं. दुकानाच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाशी हसून बोलता आलं पाहिजे, काका."

"मी तोंडावर हात ठेवून हसेन," नकाशेवाले म्हणाले. "लाजाळू आहे म्हणून सांग."

बाईंनी डॉक्टरीणबाईंकडून माप घेतलं. शुक्रवारी मालकिणींचे दात शेवटच्या भट्टीत जायचे होते. कालवलेली भुकटी काचेवर थोडी उरली होती. दिवस संपला की ती रोजच ओल्या फडक्याने पुसून टाकायची असते. बाईंनी ती पुसली नाही. त्यातून एक दात उभा केला, नकाशेवाल्यांचा. थोडा चहाचा रंग जास्तच टाकला. सहा दातांच्या शेजारी, त्याच भट्टीत, सातवा भाजून निघाला.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी तो बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. सोमवारी नकाशेवाले मुलाखतीला गेले, हसले, आणि नोकरी लागली. मंगळवारी मॅनेजरने बाईंना आत बोलावलं.

त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. छताच्या कॅमेऱ्याने वरून घेतलेलं चित्र होतं. बाईंना आपला भांग दिसला, आणि तो किती विरळ झाला आहे तेही.

"सात दात आहेत, मॅडम. ऑर्डर सहाची होती."

"हो. एक घरचा होता."

"मटेरियल कंपनीचं, भट्टी कंपनीची, वीज कंपनीची."

"साहेब, ती उरलेली भुकटी होती. रोज पुसतो आम्ही ती. फडक्याला लागते आणि मोरीत जाते."

मॅनेजरने क्षणभर डोळे मिटले. "मोरीत गेलेली चालते, मॅडम. बाहेर गेलेली चालत नाही."

त्याच्या आवाजात कुरघोडी नव्हती. एवढंच होतं की, त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. त्याने एक कागद पुढे केला. दोन पर्याय होते. दाताची किंमत भरायची, तीही पेशंटच्या दराने. नाहीतर माफीनामा लिहून द्यायचा, जो फाइलला लागणार. पेशंटचा दर म्हणजे बाईंची तीन महिन्यांची कमाई.

मालकिणींचा निरोप याच टेबलावर पडला होता, बाईंना तो उलटा वाचता येत होता. 'ज्यांनी केले त्यांना माझे मनापासून आभार सांगा. नातीने ओळखलं.'

बाईंनी माफीनामा पुढे ओढला आणि पेन उचललं. नाव, हुद्दा, तारीख. मग एक रकाना होता: कारण. त्यावर त्यांचं पेन अडलं. काय लिहायचं? चुकून? नजरचुकीने? एकतीस वर्षांत त्यांनी नजरचूक केली नव्हती, हातानेही नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'नवऱ्याचा दात.' आणि सही केली.

मॅनेजरने ते वाचलं. "हे असं... बरं, राहू दे," तो म्हणाला आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

संध्याकाळी बाईंनी नकाशेवाल्यांना सगळं सांगितलं. ते उठून आरशासमोर गेले आणि अंगठ्याने दात हलवून बघायला लागले.

"अहो, काय करताय?"

"परत देऊन टाक त्यांना. नको आपल्याला."

"पक्का बसवलाय तो. काढायचा तर फोडावा लागेल."

"मग फोडू."

"आणि उद्या दुकानात तोंड कसं उघडणार?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नकाशेवाल्यांचा हात खाली आला. "मी सही केली ती काय दात फोडायला? बसा. चहा टाकते."

दुकानातली नोकरी म्हणजे नऊ तास उभं राहायचं. आजूबाजूला पन्नास सोफे, शंभर खुर्च्या, आणि बसायची मनाई. "अगं, आयुष्यात इतक्या मऊ गाद्यांच्या इतक्या जवळ इतका वेळ उभा राहिलो नव्हतो," नकाशेवाले पहिल्या आठवड्यात म्हणाले. विनोद चांगला होता. दुसऱ्या आठवड्यापासून ते घरी आले की टबात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसू लागले आणि विनोद करेनासे झाले.

इकडे लॅबमध्ये बाईंचे ते सहा दात पेशंटकडे जाण्याआधी एका डब्यासारख्या यंत्रात ठेवून सगळ्या बाजूंनी टिपून घेतले होते. हे बाईंना दोन महिन्यांनी कळलं, मॅनेजरनेच कौतुकाने दाखवलं म्हणून. पडद्यावर चढलेला दात गोल गोल फिरत होता. त्यातली चीर, धुकं, सगळं. नव्या प्रकारचे ठोकळेही आले होते, मुळाशी पिवळे, कडेला निळसर. "आता यंत्रही असे करू शकतं, मॅडम. चाळीसही दवाखान्यांत देतो आम्ही हे. नाव ठेवलंय 'नैसर्गिक हास्य'."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि जवळून पाहिलं. त्यांचाच हात होता, प्रश्नच नव्हता. एका आईला आपलं मूल कुण्या परक्या बाईच्या कडेवर दिसावं, तसं त्यांना झालं.

"याचं मला वेगळं काही..." त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. उत्तर ठाऊक होतं. नगाचे पैसे मिळाले होते, विषय संपला होता.

त्यानंतर त्यांच्या टेबलावर दात येणं कमी होत गेलं. आठवड्याला दहा, मग चार, मग एक. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही. एका महिन्यात एकही दात आला नाही, तेव्हा त्यांनी आपले ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत टाकले. निरोप द्यायला मॅनेजरही नव्हता. त्याचंही काम आता दुसऱ्या शहरातून कुणीतरी बघत होतं.

घराचा विषय लेकीने काढला. एका रविवारी दुपारी, औषध विक्रेता आत गात असताना.

"आई, मी दुसऱ्या शहरात जाते आहे. वर्षभराचा करार देतात. चौघी मिळून एक खोली घेतली आहे."

"चौघी?"

"दोन खाटा, पाळीपाळीने," लेक हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तू माझ्या वयाची होतीस तेव्हा तुम्ही हे घर घेतलंत. मी हिशोब करून बघितला, मला या घराची एक खिडकी येते. तीसुद्धा काचेशिवाय."

"हे घर तुझंच तर आहे."

"आई, याचे हप्ते, दुरुस्ती, कर... तुम्ही दोघं याच्यासाठी जेवण कमी करताय, मला दिसत नाही का? विका. निदान बाबांना बसू दे."

नकाशेवाले बाल्कनीत पाठमोरे उभे होते. वळले नाहीत. "ती बरोबर बोलते आहे," एवढंच म्हणाले.

घर घेणारं माणूस कुणी आलंच नाही. एक कंपनी होती, त्या इमारतीतली आठवी जागा घेत होती, भाड्याने द्यायला. कंपनीच्या मुलीने टॅबवर खोल्यांचे फोटो काढले आणि विचारलं, "तुम्हाला इथेच भाड्याने राहायचं असेल तर बघा, जुन्या मालकांना पहिला महिना सवलत आहे." नकाशेवाल्यांनी भाडं विचारलं. ऐकून ते पुन्हा पहिल्यासारखे हसले, कितीतरी दिवसांनी. सातवा दात स्वच्छ दिसला.

कर्ज फेडून जे उरलं ते बँकेत ठेवलं आणि दोघं जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला गेले. डॉक्टरीणबाईंनी बाईंना दवाखान्यामागची मोरीएवढी खोली दिली होती; तिथे बाई कवळ्या करत. मालधक्क्यावरचे, कारखान्यातले, घरकाम करणारे लोक येत. काही हप्त्याने पैसे देत, काही देत नसत. कमाई लॅबपेक्षा कमी, पण रोज काम होतं. लोक मात्र बाईंना बघून जरा बिचकत. शिकून वर गेलेली हमालाची धाकटी परत का आली, हे विचारायचं सगळ्यांच्या तोंडावर यायचं आणि तिथेच थांबायचं.

सामान आलं त्या दिवशी बाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती. ताईची. तिच्या पगारावर आपण शिकलो, आणि आता तिच्याच शेजारी, तिच्याच नळावर. 'मोठी माणसं' हा शब्द आज कुठल्या सुरात येतो, याची त्या दिवसभर वाट बघत होत्या.

ताईने दोन्ही खोल्या आधीच झाडून, पुसून ठेवल्या होत्या. कपाट कुठे लावायचं यावरून तिने नकाशेवाल्यांशी वाद घातला आणि जिंकली. जाताना दारात थांबून म्हणाली, "पाणी सहा ते सात. सात वाजून एक मिनिटाने बादली लावलीस तर फक्त हवा येते. विसरू नकोस."

"नाही विसरणार."

"विसरशील. तुमच्याकडे चोवीस तास होतं."

सकाळी पावणेसहाला दारावर थाप पडली. ताई दोन बादल्या घेऊन उभी होती, एक स्वतःची, एक यांच्यासाठी. नळाशी पाच-सहा बायका होत्या. बाईंनी पदर खोचला. पाठ कालच्या सामानाने भरून आली होती आणि बोटांना प्लास्टरच्या भेगा होत्या, त्यात गार पाणी झोंबत होतं.

"तुझा नवरा किती वाजता निघतो?" ताईने विचारलं.

"साडेआठला."

"मग त्याच्या अंघोळीचं आधी भर. पिण्याचं मी माझ्यातलं देते."

बाईंनी भरलेली बादली बाजूला घेतली आणि रिकामी नळाखाली सरकवली.